जुन्या लॅपटॉपला मोठी डिस्क बसवताना

गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की लॅपटॉप जुना झाला तरी त्याची डिस्क बदलता येते आणि तेवढ्यानं तो अजून काही वर्षं नीट चालतो. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम काढून टाकलीयत.

ताई, माझा लॅपटॉप २०१२ चा आहे. ३२० जीबीची हार्ड डिस्क पूर्ण भरलीय, सुरू व्हायला पाच पाच मिनिटं लागतात. १ टीबीची हार्ड डिस्क घ्यायचा विचार आहे, कोणती घेऊ? आणि ती बसेल का?

काका, बसेल का ते आधी बघू, कारण घेताना घाई इथेच होते.

२०१२ चा लॅपटॉप म्हणजे आत अडीच इंची साटा डिस्क (साटा म्हणजे डिस्क लॅपटॉपला जोडायची पद्धत) असणार हे जवळजवळ नक्की. साटाची चांगली गोष्ट ही की नवी डिस्क जुन्या पोर्टवर चालते, फक्त वेग जुन्या पोर्टचा मिळतो. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क लॅपटॉपमध्ये बसत नाही, शिवाय तिला १२ व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपमधल्या डिस्कला ५ व्होल्टच मिळतात, त्यामुळे ती स्वस्त दिसली तरी तिच्याकडे बघायचं नाही. दुसरं म्हणजे जाडी, जी बहुतेक जण विसरतात. अडीच इंची डिस्क ७ मिलिमीटर, ९.५ मिलिमीटर आणि १५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीत येतात. तुमच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये बहुतेक ९.५ ची जागा असते, बारीक मॉडेल असेल तर ७ ची. ४ किंवा ५ टीबीच्या ज्या अडीच इंची हार्ड डिस्क मिळतात त्या १५ मिलिमीटर जाड असतात, त्या लॅपटॉपमध्ये जात नाहीत, कितीही दाबलं तरी. उलट ७ ची डिस्क ९.५ च्या जागेत आरामात बसते, सोबत प्लास्टिकची चौकट मिळाली तर ती लावायची म्हणजे डिस्क आत हलत नाही.

आता खरा प्रश्न, हार्ड डिस्क घ्यायची का. माझं स्पष्ट मत आहे की नको, एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, घ्या, भले ती १ टीबी ऐवजी ५०० जीबीची घ्यावी लागली तरी चालेल. कारण तुमची तक्रार दोन गोष्टींची आहे, जागा नाही आणि लॅपटॉप रेंगाळतो, आणि मोठी हार्ड डिस्क यातली फक्त पहिली सोडवते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपची बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. फाइलचा तुकडा वाचायचा तर आधी हेड योग्य जागी सरकायला हवं आणि मग तबकडीचा तो भाग फिरून हेडखाली यायला हवा, हे सगळं मिळून साधारण १५ मिलिसेकंद तरी जातात. म्हणजे इकडे तिकडे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला जेमतेम साठसत्तर वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचते, तुमची पाच मिनिटं तिथेच जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, एक तुकडा मिळायला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतो.

काही जण म्हणतात की जुन्या लॅपटॉपचा साटा पोर्टच हळू असतो मग एसएसडीचा काय उपयोग. ३ गीगाबिटचा पोर्ट असेल तर सेकंदाला ३०० एमबीच्या वर जाता येत नाही हे खरंय, आणि ६ गीगाबिटच्या पोर्टवर तीच एसएसडी ५५० पर्यंत जाते. पण रोजच्या वापरात फरक जाणवतो तो या छोट्या तुकड्यांचा, आणि तो जुन्या पोर्टवरही पूर्ण मिळतो. तुमचा पोर्ट कोणता ते क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, ट्रान्सफर मोडसमोर साटा/३०० किंवा साटा/६०० असे दोन आकडे असतात, पहिला सध्या चालू असलेला आणि दुसरा डिस्कला झेपणारा.

आणि एक, रॅम बघा. ४ जीबी असेल आणि मोकळा स्लॉट असेल तर त्याच वेळी ८ करून घ्या, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच जागा मागत बसते.

नवीन एसएसडी आणलीय पण विंडोज, सगळी सॉफ्टवेअरं, अकाउंटिंगचा डेटा परत टाकायचा म्हणजे मला जमणारच नाही. जसंच्या तसं सगळं नव्या डिस्कवर नेता येतं का? दुकानवाला म्हणाला फॉरमॅटच मारावा लागेल.

येतं. त्याला क्लोन करणं म्हणतात, आणि फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही जोवर तुमची आत्ताची विंडोज धड चालतेय. ती आधीच बिघडलेली असेल, सारखी अडकत असेल, व्हायरस असेल, तर मात्र क्लोन करू नका, बिघाडही जसाच्या तसा नव्या डिस्कवर येतो.

लागणारी वस्तू एकच, साटा ते यूएसबी केबल किंवा अडीच इंची डिस्कचं केसिंग. मी केसिंग घ्यायला सांगेन कारण नंतर जुनी डिस्क त्यातच घालता येते. नवी एसएसडी यूएसबीनं बाहेरून जोडायची, क्लोन करायचं, मग लॅपटॉप बंद करून डिस्क बदलायची. बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात, नसेल तर क्लोनझिला आहे, ते पेन ड्राइव्हवरून चालू करायचं. दिसायला जुनाट आहे पण काम चोख करतं.

आता क्लोनच्या आधी काय करायचं ते नीट वाचा, इथे अर्धा तास घालवला तर पुढचा मनस्ताप वाचतो. सगळ्यात आधी अकाउंटिंगचा डेटा, कागदपत्रं, फोटो तिसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी कॉपी करा, पोर्टेबल डिस्क असो नाहीतर क्लाउड. क्लोन करताना स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे उलटं निवडलं गेलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते आणि सगळं जातं, म्हणून डिस्कचं मॉडेल आणि साइझ दोन्ही वाचूनच ओके दाबायचं. मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघायची. रीअॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि खराब असल्याचा संशय असलेल्या जागा) या दोन ओळी शून्य असतील तर छान, नसतील तर खाली टकटक आवाजाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आधी वाचा. तब्येत चांगली असेल तरच चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवायचं, म्हणजे फाइल सिस्टीमच्या बारीकसारीक चुका क्लोनमध्ये येत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, लॅपटॉपमध्येच सेव्ह करून ठेवलेली की गरजेच्या वेळी उघडता येत नाही. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज शटडाउन केल्यावरही अर्धवट झोपलेली असते आणि क्लोनझिला ते पार्टिशन (डिस्कचा तो भाग) घ्यायला नकार देतं.

वेळ किती? यूएसबी २ चा पोर्ट असेल तर सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतात, म्हणजे ३०० जीबी डेटाला अडीच तासांच्या वर. यूएसबी ३ असेल, म्हणजे बहुतेक निळा पोर्ट, तर तासाभरात व्हायला हवं, तिथे जुनी हार्ड डिस्कच तुम्हाला थांबवते. चार्जर लावून ठेवा, स्लीप बंद करा, आणि मध्ये लॅपटॉप वापरू नका.

डिस्क बदलताना चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर आधी तिचं कनेक्टर सोडवा. काही मॉडेलमध्ये स्क्रू रबराच्या पायांखाली किंवा स्टिकरखाली लपवलेले असतात, सगळे काढल्याशिवाय झाकण ओढू नका. डिस्कला लावलेली धातूची चौकट जुन्या डिस्कवरून काढून नव्या डिस्कला लावायची, ती फेकू नका, वेगळी मिळायला फार त्रास होतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात म्हणून काढतानाच कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे चिकटपट्टीनं लावून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डला इजा करू शकतो.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला जोडलेली नको. दोन्ही डिस्कवर ओळख एकच असते आणि विंडोज गोंधळते. एकदा व्यवस्थित सुरू झालं की मग हवं ते जोडा.

बऱ्याच जणांना इथे वाटतं की जागा वाढलीच नाही, कारण सी ड्राइव्ह जुन्या साइझचाच दिसतो आणि उरलेली जागा मोकळी पडलेली असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टेंड दाबून पाहा. ते दबत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलंय, जीपार्टेड या फुकट सॉफ्टवेअरनं ते शेवटाला सरकवायचं आणि मग सी वाढवायचा. क्लोन करतानाच साइझ बदलायची सोय असेल तर तिथेच करून घ्या, सोपं पडतं.

शेवटचं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, साटा मोड आयडीई (जुना) असेल तर एसएसडीसाठी एएचसीआय (नवा) चांगला, पण तो सरळ बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर जाते. विंडोज १० मध्ये आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट टिक करायचं, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की टिक काढायची. विंडोज स्वतःच ड्रायव्हर लावून घेते.

आणि जुनी डिस्क? निदान महिनाभर तिला हात लावू नका. नव्यात काही राहिलंय हे हमखास दोनतीन आठवड्यांनी कळतं.

१ टीबीची घेतली आणि लॅपटॉपमध्ये ९३१ जीबी दिसतेय. फसवलं का मला?

नाही, अजिबात नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं एवढे बाइट मोजते, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजून वर जीबी असंच लिहिते. बाइट तेवढेच आहेत. याच हिशोबानं ५०० ची ४६५ दिसते. मात्र ऑनलाइन कुठे पेन ड्राइव्हएवढ्या डब्यात १६ टीबी असं दिसलं तर ती फसवणूक आहे, आत छोटी चिप असते आणि साइझ खोटी दाखवलेली असते, भरल्यावर जुन्या फाइल खराब होत जातात. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यूनं पूर्ण डिस्क लिहून वाचून बघता येते. ते डेटा टाकायच्या आधी करा.

माझ्या लॅपटॉपमध्ये एम.२ चा स्लॉट रिकामा दिसला म्हणून एनव्हीएमई एसएसडी घेतली. बसली, पण लॅपटॉपला दिसतच नाहीये. खराब आलीय का?

बहुतेक डिस्क चांगली आहे, जोडी चुकलीय. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, त्या आकारात साटावाली एसएसडीही येते आणि पीसीआयई या जास्त वेगाच्या मार्गानं जोडली जाणारी एनव्हीएमईवालीही, आणि जुन्या लॅपटॉपमधले बरेच स्लॉट फक्त साटावालीच ओळखतात. काही स्लॉट तर डिस्कसाठी नसतातच, मोबाइल इंटरनेटच्या कार्डासाठी असतात. खाचेवरून अंदाज येतो, दोन खाचा असलेली बहुधा साटा आणि एक खाच असलेली एनव्हीएमई, पण काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात म्हणून त्यावर विसंबू नका. मॉडेल नंबर घालून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात स्लॉटसमोर साटा की पीसीआयई हे लिहिलेलं असतं. लांबीही तिथेच बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ च्या जागेत ती बसत नाही.

अजून एक अडचण येऊ शकते. साधारण २०१५ च्या आधीच्या पुष्कळ लॅपटॉपचं बायोस एनव्हीएमईवरून बूटच करू शकत नाही, विंडोजमध्ये डिस्क दिसली तरी. परत करता येत असेल तर परत करा आणि अडीच इंची साटा एसएसडी घ्या, जुन्या लॅपटॉपला तेवढीच पुरे आहे.

डीव्हीडी ड्राइव्ह वर्षानुवर्षं वापरला नाही. त्या जागी दुसरी डिस्क बसते असं ऐकलं, खरंय का?

खरंय, आणि जागेसाठी मला हा उपाय फार आवडतो. त्यासाठी कॅडी मिळते, दिसायला डीव्हीडी ड्राइव्हसारखीच पण आत डिस्कची जागा. ती १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, म्हणून ड्राइव्ह बाहेर काढून, मोजून मगच मागवा. बहुतेक मॉडेलमध्ये एकच स्क्रू असतो आणि ड्राइव्ह सरकून बाहेर येतो. पुढची प्लास्टिकची पट्टी जुन्या ड्राइव्हवरून काढून कॅडीला लावली की बाहेरून कळतही नाही.

एसएसडी मात्र मूळ जागीच बसवा आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत, उलट नको. डीव्हीडीच्या पोर्टचा वेग बऱ्याच लॅपटॉपमध्ये कमी असतो आणि काही बायोस तिथून बूट करत नाहीत. मग विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवर, फोटो, व्हिडिओ, गाणी हार्ड डिस्कवर. बॅटरी थोडी लवकर उतरेल एवढंच.

डिस्क टकटक आवाज करतेय आणि लॅपटॉप मध्येच थांबतो. मुलांचे लहानपणापासूनचे फोटो फक्त त्यातच आहेत. नवी मोठी डिस्क घेतलीय, क्लोन करून घेऊ ना?

थांबा, आत्ता लॅपटॉप बंद करा आणि मगच पुढे वाचा. टकटक आवाज म्हणजे हेड जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये, अशा डिस्कचा चालू राहण्याचा प्रत्येक तास फोटोंच्या जिवावर उठतो. चेकडिस्क चालवू नका, डिफ्रॅग नको, फ्रीजमध्ये ठेवायचा जो उपाय लोक सांगतात तो तर मुळीच नको, आत ओलावा धरतो. साधं क्लोन सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर अडून पुन्हा पुन्हा वाचत बसतं आणि त्यातच डिस्क जाते.

फोटो दुसरीकडे कुठेच नसतील तर माझा आग्रह आहे की डिस्क काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्या चांगल्या लॅबकडे द्या, जी उघडायच्या आधी अंदाज आणि खर्च सांगते. आवाज नसता, नुसते थोडे पेंडिंग सेक्टर असते, तर जीएनयू डीडीरेस्क्यूनं घरी प्रयत्न करा म्हटलं असतं. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अवघड भाग शेवटी घेतं, शिवाय कुठपर्यंत आलं याची नोंद ठेवतं त्यामुळे मध्ये थांबवून परत सुरू करता येतं. पण आवाज करणाऱ्या डिस्कवर तेही नको. काय झालं ते मला नक्की कळवा, मी खरंच वाट बघतेय.

आजोबांचा एक फार जुना लॅपटॉप आहे, एक्सपीवाला. त्यालाही ५०० जीबी लावू का? आत डिस्कला रुंद पिनांची रांग आहे.

पिनांची रांग म्हणजे ती आयडीई डिस्क, ४४ पिनांची. तिला साटा डिस्क सरळ लागत नाही आणि त्या काळातल्या कित्येक बायोसना १३७ जीबीच्या पुढचं दिसतच नाही, कारण सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा होता. एक्सपीलाही सर्व्हिस पॅक १ पासूनच त्यापुढचं कळायला लागलं. याच्यावर खर्च करू नकोस. आयडीई ते यूएसबी केबल आण आणि आजोबांचं जे काही त्यात आहे ते आधी बाहेर काढून घे.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता या लॅपटॉपवर एसएसडीचा खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि डिस्क बदलली की लायसन्स जातं का?

लायसन्सचं आधी सांगते, जात नाही. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स प्रामुख्यानं मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलून नव्यानं इन्स्टॉल केलं तरी नेटला जोडल्यावर ते अॅक्टिव्हेट होतं.

सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे बरोबर. विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधला सुरक्षेचा एक भाग) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाहेर. तरीही मी म्हणेन एसएसडी घ्या, कारण लिनक्स मिंटसारखी विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम याच लॅपटॉपवर सुरेख चालते, ब्राउझर, मेल, लिबरऑफिस, व्हिडिओ सगळं होतं, आणि सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघा, वायफाय, आवाज, वेबकॅम चालतोय का ते तपासा, मगच इन्स्टॉल करा. एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं आणि त्यावर तुमचं पोट आहे अशी परिस्थिती असेल तर मात्र पैसे नव्या लॅपटॉपसाठी ठेवा. आणि लॅपटॉप उद्या बंद पडला तरी अडीच इंची साटा एसएसडी वाया जात नाही, केसिंगमध्ये घातली की पोर्टेबल डिस्क होते.

काढलेली जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ की वापरू?

तब्येत चांगली असेल तर वापर. केसिंगमध्ये घाल आणि तिच्यावर महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रांची कॉपी काढून ठेव. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या बॅकअपसाठी एसएसडीपेक्षा हार्ड डिस्कच बरी, कारण एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि बराच काळ वीज मिळाली नाही तर तो झिरपत जातो. पण ही तुझी एकमेव कॉपी असू देऊ नकोस, डिस्क आधीच वापरून जुनी झालेली आहे. दुसऱ्याला देणार असशील तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही, फाइली परत काढता येतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विकची टिक काढायची म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. एक टीबीला काही तास लागतील, रात्री लावून ठेव.